हलक्या कामाचे टिपाड

मित्रांनो, मी एक जुने टिपाड आहे, तेलाचे पत्र्याचे पिंप. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या एका गावात, रूपरावांच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभे असते. उंची माणसाच्या कमरेइतकी. वरचे झाकण कापून काढलेले, अंगावर गंजाचे पापुद्रे आणि तळाला पत्र्याचे एक ठिगळ. त्या ठिगळाची हकिकत मला सांगायची आहे.

कोणत्या कारखान्यात माझा पत्रा वाकवला, ते मला ठाऊक नाही. आठवते ते मोटारीचे काळे तेल. ते पोटात घेऊन मी ट्रकवरून पुष्कळ फिरले. तेल संपल्यावर जामच्या चौफुलीवरील एका दुकानदाराने मला रस्त्याच्या कडेला आडवे टाकले. तिथे रूपरावांनी मला विकत घेतले. छिन्नीने माझे तोंड उघडले, आत गवत पेटवून तेलाचा अंश जाळला आणि बैलगाडीत घालून शेतावर आणले.

पहिल्या उन्हाळ्यात माझे फार कौतुक झाले. विहिरीचे पाणी माझ्यात भरून ठेवत. बैल माझ्यात तोंड घालून पीत. रूपरावांची आई देवकाबाई माझ्या अंगावर थाप मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "पाहा वं, किती घागरीचं पाणी राह्यते यात! बायाइचे पाय वाचले." मित्रांनो, वस्तूला याहून अधिक काय हवे असते?

मग शेतात संकरित कपाशी आली. बोंडांनी लगडलेली, पण अळ्यांची फार लाडकी. तिच्यामागे औषध आले. गावात सगळे त्याला औषधच म्हणत. डब्यावर कवटीचे चित्र होते. देवकाबाईने ते निरखून पाहिले आणि म्हणाली, "अळीले मारते म्हून काढलं असंन." त्या दिवसापासून पाण्यात औषध मिसळण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळी माझ्यात पाणी ओतायचे, वरून औषध ओतायचे आणि दुधासारखे पांढरे होईपर्यंत तुराटीने ढवळायचे. फवारणारे पुरुष येऊन पंप भरून नेत.

हे ढवळण्याचे काम हलके समजले जाई. सावलीत बसून करायचे, डोक्यावर ओझे नाही, कमरेला वाक नाही. आणि देवकाबाईच्या घरी पोटुशी बाईला जड उचलू देत नसत. पाण्याच्या घागरी वाहताना देवकाबाईचे स्वतःचे एक मूल पोटातच गेले होते. तिने तेव्हाच शपथ घेतली होती की, आपल्या घरात हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. म्हणून रूपरावांची बायको जयवंता हिला दिवस गेले, तेव्हा सासूने तिच्या डोक्यावरची घागर स्वतः उतरवली आणि तिला माझ्याजवळ आणून बसवले. कपाशी बोंडांवर होती आणि जयवंताला दुसरा महिना होता.

"तुले आता जड उचलाचं नाई. इथं बस अन् हलवत राह्य."

"मले याचा वास डोक्यात जाते, आत्याबाई. मळमळते."

"पोटुशी बाईले तं कढीचाही वास येते. माह्या सासूनं मले अशी सावली देल्ली असती तं मी तिचे पाय धुतले असते."

जयवंता बसली. तुराटी मोडली की ती हातानेच ढवळी, कोपरापर्यंत. त्याच हाताने पदरातली भाकर सोडून खाई. फवारणी संपेपर्यंत ती माझी सोबतीण होती.

हंगाम सरल्यावर मला राखेने घासून घरी आणले आणि अंगणात पाणी भरायला ठेवले. ते साल ऐंशीचे. फेब्रुवारीत सूर्याला मोठे ग्रहण लागले. भर दुपारी ऊन विझत आले आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्या. देवकाबाईने जयवंताला अंधाऱ्या खोलीत सरळ निजवले. विळीला हात लावायचा नाही, अंग खाजवायचे नाही, कूससुद्धा बदलायची नाही. ग्रहणाने पाणी विटाळू नये म्हणून माझ्यातल्या पाण्यावर तुळशीची पाने ठेवली. ग्रहण सुटल्यावर पाने काढली आणि पहिला तांब्या भरून जयवंताला प्यायला दिला.

जूनमध्ये मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता आणि टाळूही उघडी होती. दूध पाजले की नाकातून बाहेर येई.

शेजारची मनकर्णाबाई बाळाला पाहून लगेच म्हणाली, "गिरानात काही चिरलं असंन इनं."

"मी हाललीही नाई हो," जयवंता म्हणाली. "आत्याबाई, तुमीच तं दाराशी बसल्या होत्या."

देवकाबाई दाराशीच बसली होती. तिने सगळे पाहिले होते. तरी ती म्हणाली, "माहा डोया लागला असंन थोडा वेळ."

गावात नर्सबाई आल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात ओठ शिवून मिळेल, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "दिवस होते तेव्हा ही शेतात काय काम करत होती?"

"काम कायचं?" देवकाबाई अभिमानाने म्हणाली. "म्या इले कामच नाई सांगतलं. बसूनच होती."

मी तिथेच, तीन हातांवर होते. नर्सबाईंनी हात धुवायला पाणी माझ्यातूनच घेतले.

मुलाला दवाखान्यात कोणी नेले नाही. देवाने दिलेले तोंड माणसाने शिवू नये, असे घरात ठरले. पण जयवंता विचार करू लागली होती. पुढच्या पावसाळ्यात मी शेतावर परत गेले, तेव्हा ती माझ्याजवळ फिरकेना. "मी घागरी वाहीन, पण ते हलवाले बसणार नाई," असे म्हणे. कारण सांगे ते कोणी ऐकून घेत नसे. तिला पुन्हा दिवसही गेले नाहीत. फाटक्या तोंडाचे आणखी एक नको म्हणून रूपराव ओसरीवर निजू लागले होते.

दोन वर्षांनी भाद्रपदात महालक्ष्मीच्या सणाला रूपरावांची धाकटी बहीण नलू माहेरी आली. लग्नानंतर प्रथमच तिला दिवस गेले होते, दुसरा महिना नुकताच लागला होता. देवकाबाईच्या आनंदाला पारावार नव्हता. लेकीला काय देऊ नि काय नको, असे तिला झाले. तिने लेकीला तेच दिले जे ती सर्वांत चांगले समजत होती. सावली, पाट आणि माझ्याजवळची जागा.

जयवंता पाण्याची खेप घेऊन आली, तेव्हा नलूचा हात कोपरापर्यंत माझ्यात होता. जयवंताने घागर खाली टाकली.

"नलू, उठ. हात काढ. मी यात हात घातला अन् माह्या लेकराचं तोंड असं झालं."

नलू हसली. "वयनी, तुमची बसाची जागा गेली म्हून जळता का?"

"तुह्या वाटच्या घागरी मी वाहीन. तुहा कापूस मी वेचीन. पण उठ."

देवकाबाई बांधावरून धावत आली. "आपलं फाटकं निपजलं म्हून माह्या लेकीचंही फाटकंच पाह्यजे का वं तुले?"

जयवंता मागे वळली. बांधावर खड्डे खणायची लोखंडी सब्बल पडली होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या तळाजवळ मारली. पहिल्या घावाला मी नुसते वाजले. दुसऱ्याला फुटले.

सगळे पांढरे पाणी काळ्या मातीत गेले. त्या मातीतून गांडुळे वर आली, वळवळली आणि थोड्या वेळाने पडून राहिली. ती कोणी पाहिली नाहीत. सगळे जयवंताकडे पाहत होते. रूपरावांनी बैलाचा कासरा सोडला आणि तिला सर्वांसमोर मारले. ती खाली पडली तरी नलूकडे पाहून एवढेच म्हणत होती, "नोको बसू, बाई. नोको बसू."

मित्रांनो, मला वाटले की आता आपण सुटलो. पण आमच्यासारख्यांना असे कोणी फेकत नाही. रूपरावांनी मला सेलूच्या बाजारात नेले. डबे दुरुस्त करणाऱ्याने ठिगळ लावून डाग दिला आणि म्हणाला, "आता बाप्पा, दहा वर्षं पाह्यचं काम नाई." नलूला पाटावर पुन्हा बसवले. या वेळी देवकाबाईने पाटावर गोधडीही घातली.

उन्हाळ्यात नलूला मुलगी झाली. तिच्या पाठीचा कणा उघडा होता, त्यावर कातडी नव्हती. पाय हलत नव्हते. बारशापर्यंत ती टिकली नाही. नलूच्या दिवसांत ग्रहण आलेले नव्हते. तेव्हा जयवंताची नजर लागली, असे ठरले. तिला मुलासकट नालवाडीला तिच्या भावाकडे पोचवून दिले. पुढे तिने वर्ध्याच्या दवाखान्यात मुलाचा ओठ शिवून घेतला, अशी बातमी आली. देवकाबाई म्हणाली, "शिवला तं शिवला. फाटला तं होता."

आता शेतावर प्लास्टिकची टिपाडे आली आहेत. म्हणून मी इथे अंगणात असते. नलू पुन्हा बाळंतपणाला आली आहे, दिवस भरत आले आहेत. या खेपेस ती सासरी होती, फवारणीला बसली नव्हती. आज सकाळी देवकाबाईने मला आडवे पाडले. ती आता फार थकली आहे, पण विटकरीने आणि राखेने तिने मला आतून तासभर घासले. ठिगळाच्या कडेला साचलेला पांढुरका थर मात्र तिच्या नखानेही निघाला नाही. मग मला उभे करून पाणी भरले. "बायंतिनीच्या अन् लेकराच्या आंघोईले होईन," असे ती नलूला म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, सावलीत ठेवा. मी तसे म्हणणार नाही. मला आयुष्यभर फार जपले गेले. माझी योग्य निगा एकाच बाईने राखली, आणि तिच्या पाठीवर कासऱ्याचे वळ आहेत. तुमच्या अंगणात माझ्यासारखे कोणी उभे असेल तर त्याला घासू नका, डाग देऊ नका, त्यात पाणी भरू नका. सब्बल घ्या आणि तळाला भोक पाडा.

आतून कळा देणाऱ्या नलूचे कण्हणे ऐकू येते आहे. देवकाबाई तपेले घेऊन माझ्याकडे येते आहे.