प्लास्टरच्या दातांवरची प्लेट

मित्रांनो, हसण्याआधी तोंडावर हात नेणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे का? माझी ताई तशी होती. मी तिची दातांची जुनी प्लेट. टाळूला चिकटणारा गुलाबी तुकडा आणि पुढे एक बारीक तार, एवढाच माझा पसारा. आधीच सांगते, माझा स्वभाव फार जळका आहे.

ताईचे पुढचे दात ओठांबाहेर येत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तारा लावून ते हळूहळू मागे नेले. मग साचा घेऊन प्लास्टरचे दात ओतले आणि त्यांवर मला घडवले. तारा निघाल्या तेव्हा ताई आरशासमोरून हलेना. सगळे म्हणाले, "तारांनी कमाल केली हं!" माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावले, "दात हट्टी असतात. रोज रात्री प्लेट लाव, नाहीतर पुन्हा पुढे येतील."

तेव्हापासून मी रात्रभर डोळ्यांत तेल घालून दात राखत असे. सकाळी ताई मला धुऊन निळ्या डबीत ठेवी. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवते. आता ती मुलांबरोबर खळखळून हसू लागली. ते हसू मी माझेच समजत असे.

मग ताईने लेसरने चष्म्याचा नंबर घालवला. चष्म्याशिवाय तिला तलावाच्या पलीकडची मुले दिसत नसत, म्हणजे ते गरजेचेच होते. पण घरी येऊन ती आईला सांगू लागली, "डोळ्याचा पुढचा पडदा पातळ झालाय म्हणे. क्वचित तो पुढे फुगतो. डोळे चोळायचे नाहीत, तपासणी चुकवायची नाही." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे येण्याची भीती दातांबाबतही होतीच की! पण धास्ती घेतली ती फक्त डोळ्यांची. ताईचा हात वर गेला की आई ओरडे, "अगं, चोळू नकोस!" थेंबांच्या बाटलीला उशाशी जागा मिळाली. मी टूथपेस्टमागे.

"प्लेट राहू दे गं आई, डोळे बरे झाले की लावते," ताई म्हणाली. डोळे बरे झाले. मी डबीतच. गरज सरो, वैद्य मरो! दातओठ खावेत, तर मला स्वतःचे दातही नाहीत. वाटले, येऊ देत दात पुढे, मग माझी आठवण येईल.

आणि आले! एकदा जेवताना आई म्हणाली, "हसताना पुन्हा तोंडावर हात का नेतेस?" ताई धावत आली आणि तिने मला बाहेर काढले. मी हरखले, पण बसेना. तिने जोर लावला, तार हिरडीत घुसली आणि रक्त आले. इतकी वाट पाहिली आणि भेटीत मी तिला रडवले.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातले ते प्लास्टरचे दात काढून मला त्यांवर ठेवले. मी चपखल बसले.

"प्लेट ठीक आहे गं, दातच पुढे आलेत. पुन्हा तारा, मग नवी प्लेट."

"आणि ही?"

"हिचा आता काही उपयोग नाही."

आता मी त्याच कपाटात, त्याच दातांवर असते. ताईची नवी प्लेट पारदर्शक असणार म्हणे. तिच्यावर मी आतापासूनच जळते. तरी मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी डबी असेल, तर ती आज उघडा. आणि ताईलाही सांगा, त्या नखरेलीला तरी रोज लाव. माझे हे दात तसूभरही सरकत नाहीत. पण ते कधी हसतही नाहीत.