दोन लुगड्यांची हरणा

माझी नणंद शालूबाई माधवनगरला दिलेली. नवरा तिथल्या गिरणीत माग चालवायचा. तेवढ्या भांडवलावर ही जन्मभर तोंड चालवत आली. कापडातलं आपल्याला कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं आणि माहेरी पाऊल टाकलं की ते मत ती पोत्यानं ओतायची.

लढाईचं ते शेवटचं वर्ष. कापड कंट्रोलचं, कार्डावर मिळायचं, आणि मिळायचं तेही धड नाही. धुतलं की अंगावर राहतंय का विरतंय याची धास्ती. आम्ही वडूजकडच्या बायका फाटक्या लुगड्यांना दंड घालून, म्हणजे धड राहिलेले तुकडे जोडून, दिवस काढत होतो. शालूबाई मात्र सांगलीचं नवं वारं घेऊन आली. तिथं म्हणे मोठ्या घरच्या बायका आजेसासवांच्या पेट्या उघडून जुनी लुगडी काढतात आणि मिरवतात. पण वाटेल ते नेसायचं नाही हं, बांधा बघून नेसायचं. जाडीनं काळी चंद्रकळा, काठ बारीक. बुटकीनं उभ्या रेघांचं. वाळकीनं जाड पोताचं, रुंद काठांचं, म्हणजे अंग भरल्यासारखं दिसतं. मला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चंद्रकळा सुचवली. भल्या पहाटे शेण काढायला जाणाऱ्या बाईनं काठ बारीक आहे का रुंद आहे ते कुणाला दाखवायचं, हे तेवढं तिनं सांगितलं नाही.

माझ्यावर तिचं चाललं नाही, म्हणून तिनं हरणाला धरलं. हरणा माझ्या दिराची, आकारामची मुलगी. उंच आणि सडसडीत. शेलाट्या अंगात ताकद किती, ते आमच्या म्हशीला विचारावं. पण दोन ठिकाणचे पाहुणे ‘पोरगी वाळकी’ म्हणून परत गेले होते. आता कराडकडचे उसाच्या मळ्याचे लोक यायचे होते. मुलगा जोतीराम, पलटणीतून सुट्टीवर आलेला. याही वेळी नकार आला तर आकाराम तिला म्हसवडच्या एका बिजवराला देणार होता. त्याची दोन पोरं हरणाच्या कमरेला लागतील एवढी होती. हरणा कुणाशी बोलत नव्हती, पण रात्री जेवायची थांबली होती. पोरीच्या जिवाचा घोर लागला होता मला.

पाहुण्यांच्या दिवशी शालूबाईनं आमच्या पेटीतून माझ्या सासूच्या सासूचं इरकली लुगडं काढलं. वासावरूनच त्याचं वय कळत होतं. ते नेसवून झालं तरी हरणा वाळकीची वाळकीच! मग बाईच्या डोक्यात उजेड पडला. तिनं आमच्या सासूबाईंचं जुनं लुगडं आतून नेसवलं आणि त्यावर इरकली. अठरा वार कापड एका पोरीवर, आणि गावात बायकांना एक धड मिळत नव्हतं. वर नाकात अर्धं तोंड झाकणारी नथ आणि तोंडाला पिठात बुडवल्यासारखी पावडर. मी म्हटलं, वन्सं, पोरीला चालता तरी येऊ दे. त्यावर तिनं मला गप्प बसायला सांगितलं. आकारामनं तर बहिणीकडे असं बघितलं, जणू आता लग्न ठरलंच.

पाहुणे वडूजला नातेवाइकांकडे उतरले होते, तिथून बैलगाडी जोडून आले. जोतीराम मान खाली घालून बसला होता. बघायचं काम त्याची आई राहीबाई करत होती. काटक म्हातारी, नजर सुईसारखी. हरणा बाहेर आली ती पाय ओढत. मान वर करायची चालच नव्हती, आणि नथीमुळे केली असती तरी काय दिसणार. थोरांच्या पाया पडायला वाकली आणि आतल्या लुगड्याचा काष्टा बाहेरच्यात अडकला. पोरगी राहीबाईच्या पायावर डोकं ठेवायची ती तिच्या मांडीवर जाऊन पडली.

राहीबाईनं तिला उठवलं. दम लागतो का, चक्कर येते का, असं हळूच विचारलं. आमच्याकडं पहाटेपासून उसात काम असतं, आजारी सून झेपायची नाही, असंही सांगितलं. चहा झाला, ‘कळवतो’ झालं. कळवतो म्हणजे काय, ते गावात शेंबड्या पोरालाही कळतं. शालूबाई म्हणाली, लुगडं तर सगळ्यांच्या नजरेत भरलं. मला तिच्या तोंडावर पाणी ओतावंसं वाटलं. आत डोकावले तर दोन्ही लुगडी जमिनीवर पडलेली आणि मागचं दार सताड उघडं.

पाहुण्यांना वेशीबाहेरच्या विहिरीपर्यंत पोचवायची रीत, म्हणून आम्ही गाडीमागं गेलो. बैल पाण्यावर उभे केले. आकाराम एका बाजूला खाली बघत होता. म्हसवडचा निरोप कसा धाडायचा ते तो मनात जुळवत असणार.

तेवढ्यात रानाच्या वाटेनं एक पोरगी आली. डोक्यावर तिच्या दुप्पट कडब्याचा भारा, तोंड पेंढ्यांत झाकलेलं. अंगावर विटकं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. एका हातात म्हशीचं दावं, आणि म्हैस चारी पाय रोवून अडलेली. पोरीनं भारा जरासुद्धा हलू न देता एक हिसका दिला. म्हैस मुकाट्यानं चालू लागली.

राहीबाई बघतच राहिली. मग आकारामकडं वळून म्हणाली, “आवं, ही कुणाची लेक? असली पोरगी असताना तुमी आमाला ती दमेकरी दावली व्हय?”

मी सांगणार होते, पण भाऱ्याखालूनच आवाज आला.

“मीच ती. मगाशी पडलं ते लुगडं हुतं, मामी. मी न्हाई पडले.”

राहीबाई गाडीतून खाली उतरली. पुढं होऊन पेंढ्या बाजूला केल्या. गालाच्या कडेला अजून पावडर होती, घामानं ओघळलेली. तिनं हरणाचा दंड दाबून बघितला, उगाच नाही, चांगला दाबून बघितला.

“हे झाकून ठिवायची अक्कल कुणाची गं?”

हरणानं कुणाचं नाव घेतलं नाही. शालूबाई मात्र पदर सारखा करत विहिरीत काहीतरी शोधू लागली.

“बोलायचं आसंल तर घरी चला,” हरणा म्हणाली. “म्हस उभी ऱ्हायाची न्हाई.”

आणि ती निघाली. राहीबाईनं जोतीरामला गाडी माघारी वळवायला सांगितलं आणि स्वतः चालत तिच्या मागं गेली. गाडीत बसून या, असं आकाराम तिला विनवत होता. म्हातारीनं ऐकलं नाही. त्या दोघी पुढं, म्हैस मधे, आणि आम्ही सगळे मागून धुळीत.