थोरलीचं स्वयंपाकघर

सासऱ्यांच्या खोलीत उगाच जायचं नाही, हे सूनबाईला लग्न ठरतानाच सांगून झालं होतं. सांगणारा नवराच. म्हणाला, बाबा तिथे युद्धनौका बांधतात. तिला वाटलं, गडी थट्टा करतोय. थट्टा कसली? खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिच्यात एक तिरका ड्रॉइंग बोर्ड, एक उंच स्टूल आणि भिंतभर जहाजंच जहाजं. तोफा, धुरांडी, चिलखताचे पत्रे, सगळं शिसपेन्सिलीनं, केसाएवढ्या बारीक रेघांनी काढलेलं.

आता सूनबाईचा धंदाच मुळी लोकांच्या घरात नाक खुपसण्याचा. फर्निचरच्या दुकानात ती स्वयंपाकघरांची डिझाइनं करायची. टेप घेऊन घरोघरी जायचं आणि विचारायचं, मोठी पातेली कुठे ठेवता, डावखुरं कोण आहे, भांडी घासताना पाठ कुणाची दुखते? अशा बाईला खोलीत जाऊ नको म्हणणं म्हणजे मांजराला दुधावर पहारा ठेवायला सांगणं. एका सुट्टीच्या सकाळी कॉफीचा कप हातात धरून ती आत शिरलीच.

सासरे स्टुलावर बसले होते आणि बोर्डावर सगळ्यात मोठं जहाज होतं. त्याचं नाव 'थोरली'. तिनं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि सहज विचारलं, बाबा, ह्यात स्वयंपाकघर कुठंय?

तोफांचा पल्ला विचारा, वेग विचारा, चिलखताची जाडी विचारा, सगळं सासऱ्यांना झोपेतही पाठ होतं. हा प्रश्न मात्र त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, असेल की कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे, म्हणून ती शोधायला लागली. स्वयंपाकघर नाही, झोपायला जागा नाही, मोरी नाही. पाण्याचे नळ मात्र जागोजागी, सुबक, वळणासकट. ह्या नळांना पाणी कुठून येतं, असं तिनं विचारलं तेव्हा सासऱ्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

त्याचं असं होतं की, सासऱ्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात गेली. शहराखालचा एक न् एक पाइप त्यांच्या हातचा. पण पाइप हे त्यांचं टेबल. टाकी दुसऱ्या टेबलाची. पाइपाच्या त्या टोकाला पाणी असणारच, ही त्यांची श्रद्धा. तीच श्रद्धा घेऊन त्यांनी सबंध आरमार उभं केलं आणि भर समुद्रात तहानेलं सोडून दिलं.

हे आरमार कुठलं, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भ्रमिष्ट आहे. खऱ्या इतिहासात एक बंदर गाळानं बुजलं आणि त्याच्या मागे एक छोटं राज्यही बुडालं. सासऱ्यांनी ठरवलं, नाही बुजलं. एका हट्टी राणीनं दरवर्षी गाळ उपसून घेतला, राज्य टिकलं, जहाजं बांधू लागलं. ह्या देशाला ते नुसतं 'तिकडे' म्हणायचे. जेवताना मध्येच म्हणायचे, तिकडे कोळसा महाग झालाय. पाहुण्यांना वाटायचं, ह्यांची मुलगी परदेशी दिली असेल.

असे देश पाळणारी माणसं आणखीही होती. त्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा मंडळात सागरी लढाई व्हायची. ज्यानं त्यानं आपापल्या जहाजाचे नकाशे पाठवायचे, आणि पंच, जे पेशानं दातांचे डॉक्टर होते, ते वजन, वेग, तोफा सगळं ताडून निकाल द्यायचे. एकदा निकाल लागला की तो इतिहास. मग त्यात काडीचा बदल नाही. जिंकलेलं जहाज मंडळाच्या वार्षिक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जायचं. सासऱ्यांचं एकही जहाज आजवर मुखपृष्ठावर गेलं नव्हतं. ह्या वर्षी थोरली जाणार, ह्याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांचं अख्खं म्हातारपण त्या एका पानावर डोळे लावून बसलं होतं.

टाकीच्या प्रश्नानंतर ते फुगले. जेवायला बसले तरी ताटातून नजर वर नाही. नवरा म्हणाला, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? पण मग एका संध्याकाळी ते आपणहून तिच्या दारात आले आणि भिंतीकडे बघत पुटपुटले, टाकी साधारण कुठे बसेल गं?

झालं. तिथून जी काही मजा सुरू झाली, ती विचारू नका. दुकानातून आली की सूनबाई थेट गॅलरीत. टाकी तळाशी बसली. स्वयंपाकघर धुरांड्याशेजारी, म्हणजे ऊब फुकट. ओट्याची उंची किती ठेवायची, तर आचारी केवढा आहे त्यावर. मग आचारी ठरवणं आलं. बुटका, एक गुडघा धरलेला. सासरे वैतागून म्हणाले, अगं, तो माणूस अस्तित्वातच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओट्याजवळ एक बसकं स्टूल काढून ठेवलं. खलाशांच्या झोपायच्या फळ्या आल्या, दाढीचा आरसा आला, घोरणारा तोफखानाप्रमुख आला आणि त्याला सगळ्यांपासून लांब, कोळशाच्या कोठारापाशी हलवण्यात आलं. प्रत्येक माणसामागे थोडं चिलखत पातळ होत होतं. सासरे कुरकुरायचे, आणि कुरकुरत पुढचा माणूस कुठे झोपतो ते विचारायचे. घरात इतकी चैन त्यांनी कित्येक वर्षांत केली नव्हती.

नकाशे पाठवायचे दिवस जवळ आले. सगळं मनासारखं बसलं होतं. सूनबाईनं एकदा शेवटचं बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, बुडालं तर ही माणसं उतरणार कशी?"

थोरली बुडणार नाही, सासरे म्हणाले. तरीही बुडालं तर, असं ती म्हणाली. होड्यांना जागा एकच, मागच्या तोफांची. त्या तोफा काढल्या तर पाठीवर वार झेलायला थोरली मोकळी. म्हणजे लढाई गेली आणि मुखपृष्ठही गेलं. हे सगळं त्यांनी तिला कडक आवाजात सुनावलं. वर म्हणाले, "माणसं तू आणलीस. मी मागितली नव्हती."

तिला ते लागलं. पण गप्प बसेल तर ती सूनबाई कसली. भिंतीवर एका जहाजावर लाल पेन्सिलीनं फुली होती. तिनं विचारलं, हे कुठलं? ती 'मधली', ते म्हणाले. मागे एका लढाईत बुडाली. पण काय बुडाली, शत्रूची दोन जहाजं घेऊन! त्या दिवशी आम्ही मिठाई वाटली होती.

"हिच्यावर कोण कोण होतं?"

सासरे उत्तर द्यायला म्हणून मधलीकडे वळले. तिच्यावर टाकी नव्हती, ओटा नव्हता, पाठ टेकायला फळी नव्हती, आणि होड्या तर नव्हत्याच. त्यांचा चेहरा बघून सूनबाईला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. ती कप उचलून निघून गेली. सकाळी पाहते तो थोरलीच्या मागच्या तोफा खोडरबरानं स्वच्छ पुसलेल्या, आणि त्या जागी होड्या, ओळीनं, एकीला एक लागून. सासरे नकाशे पाकिटात घालून स्वतः टपालात टाकून आले.

निकाल रविवारी सकाळी, कॉम्प्युटरवर सगळं मंडळ जमवून. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सूनबाई शेजारी स्टुलावर. पंचांनी घसा खाकरून वाचायला घेतलं. समुद्र शांत, किनारा जवळ. थोरली शूरपणे लढली, शत्रूनं मागून गाठली, दुपारपर्यंत बुडाली. मुखपृष्ठ उत्तरेचा देश पाळणाऱ्या गड्याला, जो एरवी शाळेची बस चालवायचा. मागच्या तोफा असत्या तर निकाल उलटा होता, असंही पंच म्हणाले, आणि ते त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. सूनबाईमुळे झालं होतं सगळं.

सासऱ्यांनी मात्र एकच विचारलं. "माणसं?"

पंच गोंधळले. म्हणाले, त्याचा रकाना नाही आपल्याकडे. सासरे म्हणाले, होड्या नकाशात आहेत, किनारा जवळ आहे, समुद्र शांत आहे, हे तुम्हीच आता वाचलंत. पंचांनी कागद पुन्हा पाहिले, मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाले, बरोबर आहे, उतरली असणार. मग लिहा, सासरे म्हणाले. पंचांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. थोरली बुडाली. माणसं सगळी वाचली.

सूनबाईनं पदराला डोळे पुसले, लाज न बाळगता. तिला वाटलं, आता संपलं.

पण सासरे उठले नाहीत. म्हणाले, मधलीचंही लिहा. पंचांनी समजुतीच्या सुरात नियम सांगितला, की झालेल्या लढाईत काही बदलता येत नाही, आणि हा नियम तुम्हीच सुचवला होता.

"बदलू नका," सासरे म्हणाले. "तिच्यावर माणसं होती, एवढंच लिहा."

उत्तरेच्या गड्यानं आपल्या मागच्या, जहाजांनी भरलेल्या भिंतीकडे एकदा वळून पाहिलं. मग पंचांनी पेन उचललं आणि हळूच विचारलं, किती होती?

"ते मला माहीत नाही," सासरे म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."