पिवळ्या पिशवीतला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर आता दोराचा एक तुकडाच उरलो आहे. झाडांवर चढून काम करणाऱ्यांना जिथे शिकवतात, त्या खोलीत भिंतीवरच्या लोखंडी हुकाला मी टांगलेला असतो. शिकायला येणारा प्रत्येकजण पहिल्या दिवशी माझे विस्कटलेले टोक बघतो आणि विचारतो, "हा कशाला ठेवलाय? टाकून का देत नाही?" ज्याने मला इथे टांगले तो माणूस हा प्रश्न ऐकला की सरावाचे पट्टे वाटू लागतो. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेकडो बारीक धागे पिळून आधी माझा गाभा तयार झाला आणि त्यावर लाल-पांढरे आवरण विणले गेले. मग माझ्याच शेजारचा एक तुकडा कापून यंत्रात घातला आणि तुटेपर्यंत ताणला. त्याने बरेच सोसले आणि मग तो तुटला. त्याच्या जिवावर मला पास केले.

तिथून मी आलो झाडे छाटणाऱ्या एका टोळीकडे. टोळीत सहा माणसे होती आणि त्यांचे प्रमुख होते मास्तर. मास्तरांनी मला एका पिवळ्या पिशवीत भरले. गुंडाळले नाही, तर टोक ओढताच सरसर बाहेर यावे म्हणून थरावर थर रचून भरले. पिशवीवर जाड काळ्या अक्षरांत त्यांनी लिहिले, 'फक्त माणसासाठी'. मग सगळ्यांना समोर बसवून बजावले, "हा लाकडाला बांधायचा नाही, गाडीला बांधायचा नाही. कुणी यावर कपडे वाळत घातलेले दिसले तर त्यालाच वाळत घालीन."

माझे काम असे होते. वर चढणाऱ्याचा स्वतःचा दोर वेगळा असे. तो वर पोचला की पहिल्यांदा मला जवळच्या मजबूत फांदीवरून खाली सोडी. खाली दुसरा माणूस अंगात पट्टा, म्हणजे दोराला अडकवायचा कमरेचा-मांड्यांचा साज, चढवून, हात मोकळे ठेवून उभा असे. वरच्याला काही झालेच, तर खालच्याने माझ्यावरून चढायचे, जखमीला स्वतःशी अडकवायचे आणि दोघांनी मिळून खाली यायचे. मास्तर म्हणत, "पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत उतरतं. ज्या पट्ट्यानं त्याला पडू दिलं नाही, तोच पट्टा मग त्याला हळूहळू मारतो. त्यामुळे बाहेरून मदत येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही."

टोळीत सगळ्यांत चांगला चढणारा होता भावोजी. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊही टोळीतच होता. तो 'भावोजी' अशी हाक मारायचा म्हणून सगळेच मारू लागले, आणि साहजिकच त्या भावाचे नाव पडले मेहुणा. "एका लग्नात मला पाच मेहुणे मिळाले," असे भावोजी म्हणायचा. वर भावोजी आणि खाली पट्टा घालून मेहुणा, अशी जोडी ठरलेली होती. बायकोनेच तशी अट घातली होती. भावाला तिने सांगितले होते, "ते वर असतील तेव्हा तू खाली असायचंस. बाकी मला काही नको."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सराव व्हायचा. जुन्या कपड्यांत वाळू भरून एक पुतळा केला होता. त्याचे नाव पाहुणा. पाहुण्याला झाडावर लटकवायचे आणि मेहुण्याने माझ्यावरून जाऊन त्याला उतरवायचे. मास्तर घड्याळ धरून उभे राहत. भावोजी खालून पाहुण्याच्या वतीने बोलायचा, "अहो मेहुणे, पाहुण्याला किती ताटकळत ठेवणार? निदान पाणी तरी विचारा!" सगळे हसायचे आणि हसता हसता मेहुणा आठ मिनिटांत पाहुण्याला खाली आणायचा.

सरावाचा तो एक दिवस सोडला तर मला काहीच काम नव्हते. रोज फांदीवर लटकायचे आणि संध्याकाळी पुन्हा पिशवीत जायचे. गोदामातले बाकीचे दोर चिकाने माखून, घासून, दमून परत यायचे. मी मात्र जसाच्या तसा स्वच्छ. "याची बरी चैन आहे," असे कुणीतरी म्हणायचे आणि ते मला लागायचे. मित्रांनो, मला माझ्या स्वच्छपणाची लाज वाटू लागली. आज कळते की मी स्वच्छ राहिलो ती वर्षे सगळ्यांच्या सुखाची होती.

मास्तरांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी आला मुकादम. तो वाईट माणूस नव्हता. स्वतः राबायचा, कुणाचे दुखले-खुपले तर स्वतः दवाखान्यात न्यायचा. फक्त तो कायम घाईत असायचा. एका सोमवारी काम जास्त होते म्हणून सराव पुढे ढकलला. पुढच्या महिन्यात तो राहून गेला. त्यापुढे कुणाला त्याची आठवणही झाली नाही. पावसाळ्यात गोदामाच्या फाटकापुढे खड्डा पडला तेव्हा पाहुण्याच्या पोटातली वाळू त्यात गेली आणि कपडे गाडी पुसायला घेतले.

माझी पिशवी मात्र रोज झाडाच्या बुंध्याला टांगली जायची. तोंड बंदच. कुणी विचारले तर दाखवता आली म्हणजे झाले. आणि खाली मोकळ्या हातांनी उभा असलेला मेहुणा मुकादमाच्या डोळ्यांत खुपू लागला.

"नुसता उभा काय राहतोस? फांद्या ओढ की जरा."

मेहुण्याने फांद्या ओढल्या. मग लाकडे खाली सोडण्याचा दोर धरला. मग उकडते म्हणून पट्टा काढून गाडीत ठेवला. तो एकदा भावोजीला म्हणाला, "सगळे राबत असताना रिकामं उभं राहायची लाज वाटते हो." त्याचे मन मला पुरते कळले. लाज आम्हा दोघांनाही वाटत होती.

एक दिवस लाकडांनी भरलेली गाडी चिखलात रुतली. मुकादमाने इकडेतिकडे पाहिले आणि माझी पिशवी उघडली. मला त्या गाडीला आणि दुसऱ्या गाडीला बांधले. माझ्या अंगातला धागा न् धागा करकरला, पण गाडी निघाली. "काय दणकट आहे रे हा! उगाच झोपवून ठेवला होता इतकी वर्षं," मुकादम म्हणाला आणि त्याने मला थोपटले. सांगायला जड जाते, पण मी खूश झालो. आत कुठेतरी माझा गाभा दुखावला होता. वरून काही दिसत नव्हते. मीही त्याची फिकीर केली नाही.

आता त्या दिवसाचे सांगतो.

एका दवाखान्याच्या मागच्या अंगणात मोठे वाळलेले झाड होते. खाली काचेचे छप्पर असल्याने एकेक ओंडका दोराला बांधून हळूहळू उतरवायचा होता. भावोजी पंधरा मीटर वर गेला. लाकडे उतरवण्याचा दोर झिजून गेला आहे हे तेव्हा कुठे लक्षात आले. मुकादमाने मला वर पाठवले.

"अरे, हा तर माणसाचा दोर," भावोजी वरून म्हणाला.

"एका ओंडक्यापुरता रे. तोवर दुसरा मागवतो."

भावोजीने मला ओढून घेतले. "एकाच ओंडक्यापुरता हं," म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हातांनी माझी ओंडक्याला गाठ मारली. खाली माझे दुसरे टोक मेहुण्याच्या हातात होते. पट्टा गाडीतच होता.

ओंडका सुटला तो खाली न जाता फिरला. झोका घेऊन तो भावोजीच्या छातीवर आणि खांद्यावर आदळला आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन घट्ट बसला. त्याच्याखाली मी दाबला गेलो आणि भावोजीचा स्वतःचा दोरही दाबला गेला. भावोजी पट्ट्यात लटकला. त्याचा उजवा हात लुळा पडला होता. त्याला वर जाता येईना की खाली येता येईना.

तो शुद्धीवर होता. "मी बरा आहे. सावकाश करा," तो म्हणाला.

सावकाश करायला काहीतरी करता यावे लागते. माणसाला उतरवायचा दोर लाकडाला बांधलेला होता. मेहुणा आणि दोघे मला ओढत राहिले, पण ओंडका हलेना. दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. खाली दोन डॉक्टर, एक नर्स आणि चाकांचा पलंग, आणि वर पंधरा मीटरवर तो. त्यांनाही नुसते बघत उभे राहावे लागले. अग्निशमन दलाला फोन गेला.

दहा मिनिटे झाली. भावोजीने खाली पाहिले. हसण्याचा प्रयत्न करत तो म्हणाला, "अहो मेहुणे, पाहुण्याला किती ताटकळत ठेवणार?"

कुणी हसले नाही. मेहुणा रडू लागला.

"पायांना मुंग्या आल्यात," थोड्या वेळाने भावोजी म्हणाला. ते त्याचे शेवटचे बोलणे.

तेव्हा मुकादमाला चिखलातली गाडी आठवली. त्याने मला गाडीला बांधले आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितले, "घे पुढे!" मित्रांनो, त्या क्षणी मी सगळे बळ लावले. आयुष्यात प्रथमच मी खरोखर माणसासाठी ताणला जात होतो. पण गाभा आधीच दुखावला होता. मी तुटलो. ओंडका तिथेच राहिला आणि मी धुळीत येऊन पडलो. माझा लांबलचक तुकडा सगळ्यांच्या समोर होता, पण तुटलेल्या दोरावर माणूस सोपवायची कुणाची छाती होईना.

मेहुण्याने गाडीतून पट्टा आणला. त्याचे बंद गुंतले होते. कसाबसा चढवून, बुंध्याला मिठ्या मारत तो वर गेला. पोचला तेव्हा सत्तावीस मिनिटे झाली होती. त्याला भावोजीला खाली आणता येत नव्हते. त्याने भावोजीचे पाय आपल्या खांद्यावर घेतले, त्याचा भार उचलला आणि तसाच उभा राहिला. दलाची मोठी शिडी अंगणाच्या अरुंद फाटकातून आत येईना. शेवटी हाताच्या शिड्या जोडून जवान वर पोचले तेव्हा एक्केचाळीस मिनिटे झाली होती. मेहुणा त्याच्याशी बोलतच होता. "आलेच हं भावोजी, आलेच."

डॉक्टरांनी खाली घेताच शर्थ केली. तासाभराने त्यांच्यातला एकजण बाहेर आला, आणि त्याचा चेहरा बघूनच मुकादम खाली बसला. "पहिल्या दहा मिनिटांत हातात मिळाला असता तर," एवढेच डॉक्टर म्हणाला.

संध्याकाळी मेहुणा बहिणीच्या घरी गेला. मी त्याच्या खांद्यावर होतो. मला का उचलले हे त्यालाही ठाऊक नसावे. दारात बहीण उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारले, "तू खाली होतास ना?"

तो खालीच होता. पण त्याने मान हलवली नाही.

त्याला वर्षे झाली. मुकादमाने पुन्हा कधी टोळी चालवली नाही. मेहुणा आज या खोलीत शिकवतो. नियम असा आहे की तुटलेल्या दोराचे बारीक तुकडे करून टाकावेत, म्हणजे चुकूनही कुणी तो वापरू नये. माझ्या बाबतीत त्याने तो नियम पाळला नाही. वाळू भरलेला नवा पाहुणा कोपऱ्यात बसलेला असतो. सराव दर सोमवारी होतो. पाहुणा सात मिनिटांत खाली येतो. तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, पण पाहुण्याच्या वतीने कुणी बोललेले मेहुण्याला चालत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या रस्त्यावर कधी झाड छाटत असतील तर वरच्या माणसाकडे बघाच, पण खालीही बघा. पट्टा घालून, हात मोकळे ठेवून कुणी उभा असेल. त्याच्या शेजारी एक स्वच्छ, न वापरलेला दोर लोंबत असेल. त्याला हसू नका, "नुसता काय उभा आहेस?" असे विचारू नका, त्याला चहा आणायला पाठवू नका. त्याची बहीण घरी वाट बघत असेल आणि तिला द्यायचे उत्तर तो तिथे उभा राहून तयार ठेवत असेल.