धडधाकट कोंबड्या

मनुबाईनं चंद्राबाईच्या अंगणात पाय टाकला. कोपऱ्यात एक काळी कोंबडी स्वतःभोवती गरागरा फिरत होती. मान पाठीवर उलटी पडलेली, चोच आभाळाकडं. दुसरी पंख सांडून बसली होती, चोचीतनं लाळ गळत होती आणि बुडाखाली हिरवं-पांढरं पाणी साचलं होतं.

"कायतरी इखारी खाल्लं असंल बग," चंद्राबाई म्हणाली. "लसूण चारू का हळद? तूच सांग बाई."

"काय बी चारू नगंस. मानमोडी हाय ही."

चंद्राबाई मटकन खाली बसली. मनुबाईनं मानमोडी म्हटलं म्हणजे ती मानमोडीच. कडेगावाजवळच्या त्या वाडीत कोंबडीला काय झालं की लोक आधी मनुबाईचं दार वाजवायचे. पायावर खवलं चढली तर ती रॉकेलात गोडं तेल मिसळून चोळायची. गळ्याखालची पिशवी टणक झाली तर कोमट पाणी नि तेल पाजून, बोटांनी दाबत दाबत, तासभर बसून मोकळी करायची. अंडं अडकलं तर कोंबडी कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवायची आणि तिच्याशी गप्पा मारायची. कोंबडी हातात घेतली, पिसं फुंकून मागं सारली की तिला निदान कळायचं, आणि ते ती चारचौघांत ठणकावून सांगायची. नवरा केरबा चिडवायचा, "मी तापानं फणफणलो तरी हिला पत्ता न्हाई, पण कोंबडी शिंकली की ही ताटावरनं उठती." त्यावर मनुबाई म्हणायची, "कोंबडी अंडं तरी देती."

पण मानमोडीपुढं तिनंही हात टेकले होते. त्याला औषध नाही. मानमोडी आली की वाडीची रीत ठरलेली होती. मेल्या त्या ओढ्यात टाकायच्या, मरायला टेकल्या त्यांचं कालवण करायचं, आणि ज्या चांगल्या असतील त्या गुपचूप पाव्हण्यांकडं पोचवायच्या. आजी-पणजीपासून असंच चालत आलेलं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मनुबाईला तर नव्हतंच.

ती घरी आली आणि एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तपासत बसली. तुरा बघितला, डोळे बघितले, शेपटीखालची पिसं कोरडी आहेत का बघितलं, छातीला कान लावून घरघर ऐकली. तशा सगळ्याच बऱ्या होत्या, पण चार तिला अगदी पसंत पडल्या. त्यात तिची तांबडी होती. ही तांबडी म्हणजे मनुबाईचा जीव. हाक मारली की पडवीत यायची आणि लुगड्याच्या ओच्यात बसायची.

"ह्या चार शालूकडं नेती," तिनं केरबाला सांगितलं.

शालू तिची एकुलती एक लेक, उंब्रजला दिलेली. जावई जोतीराम फौजेत, वरसातनं एकदा यायचा. घरात शालू आणि तिची सासू येसूबाई, दोघीच. आदल्या वरसी शालूचं पोर पोटातच गेलं आणि ती मरता मरता वाचली. कराडच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं की हिला वाकून काम लावू नका. येसूबाईच्या उसाला भांगलणीला माणूस मिळेना, आणि घरात तरणीताठी सून बसलेली. तिनं रोज तोंड सोडलं. शेवटी शालूनं तालुक्याच्या सरकारी योजनेतनं पांढऱ्या कोंबड्यांची पिलं आणली. सासू म्हणाली होती, "बघू तुज्या कोंबड्या. चालल्या तर चालल्या, न्हाईतर मुकाट्यानं खुरपं घ्यायचं." आता त्या कोंबड्या अंड्यावर आल्या होत्या, हायवेवरचा हाटेलवाला अंडी घेऊन जायचा आणि शालूच्या हातात खुरपं येत नव्हतं. त्या कोंबड्यांवर लेकीचा जीव तगला होता, हे मनुबाईला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर तिला वाटलं, लेकीच्या खुराड्यात आपल्या चार गावठी घालाव्यात. त्या वाचतील, तिला हातभार लागेल.

सकाळच्या एस्टीनं ती कोंबड्यांची पाटी घेऊन निघाली, कराडला गाडी बदलली, उंब्रजला उतरली. येसूबाई कधी नव्हे ती खूश झाली. "गावठी कोंबडीची चव काय न्यारीच," म्हणाली, आणि चारी कोंबड्या आपल्या हातानं त्या पांढऱ्यांत सोडल्या. माहेरनं आलेली भेट म्हणून शेजारणींना बोलावून दाखवल्यासुद्धा. शालूनं आईला चहा केला. मनुबाई दिवस मावळायच्या आत घरी परतली, ती कशी अगदी तोऱ्यात.

वाडीत मग दोन-तीन दिवसांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. तेव्हा कुठं कडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यातनं नानासो आले. नानासो म्हणजे सायकल, गळ्यात अडकवलेला बर्फाचा थर्मास आणि सदा तापलेलं डोकं. त्यांनी चावडीपुढं पेटी उघडली आणि कोंबड्या आणायला सांगितलं. बायांनी काय करावं? झुकलेल्या, घरघरणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या तेवढ्या आणल्या. चांगल्या डालग्याखाली झाकून ठेवल्या.

"अरे देवा!" नानासो ओरडले. "ह्या कशाला आणल्या? ही लस आहे, औषध न्हवं! चांगल्या कुठायत?"

"चांगलीला कशाला सुई टोचायची, डाक्टर?" एकीनं विचारलं.

मनुबाईला हसू आवरेना. ती पदर कमरेला खोचून पुढं झाली. "ह्यांच्या नादी लागू नगा साहेब. ह्यास्नी काय कळतंय? मी माज्या चांगल्या चार आधीच हलवल्या. लेकीकडं, उंब्रजला."

नानासोंचा हात थर्मासवर थांबला. "कधी?"

"ही चंद्रीची पहिली कोंबडी फिराय लागली तवाच. दुसऱ्या दिशी."

"लेकीकडं कोंबड्या आहेत?"

"हायत की. चांगल्या पंचवीसभर. पांढऱ्या."

"त्यांना मोठेपणी सुई टोचलीय?"

"पिलं असताना नाकात थेंब टाकलं हुतं म्हणं."

"ते पुरत न्हाई." नानासोंचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आल्यावर मनुबाई जास्त घाबरली. "बाई, मानमोडी अंगात शिरली तरी कोंबडी चार-आठ दिवस हसतखेळत असती. तुरा लाल, खाणं झकास. तुमीच काय, मी हातात घेतली तरी मला कळणार न्हाई. आन तेवढ्यात ती रोग दुसरीला देऊन मोकळी होती."

मनुबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला. "मग आता?"

"आत्ताच्या आत्ता जावा. त्या चार बाहेर काढा, मारा आन चुना टाकून खोल पुरा. खाऊ नका, चिरू नका, वाटू नका. आन तुमी सवता तिच्या अंगणात पाय ठेवू नका. रोग पाटीला लागून जातो, वहाणेला लागून जातो, लुगड्याला लागून जातो. आंघोळ करून, धुतलेलं नेसून जावा, तरी बाहेरच उभ्या राहा."

"पर त्या चार चांगल्या निघाल्या तर? फुकट मारल्या असं हुईल."

"चांगल्या असतील बी," नानासो म्हणाले. "कळायचा इलाज एकच, वाट बघणं. बघता?"

ती घरी धावली. डोक्यावरनं पाणी घेतलं, पेटीतलं लुगडं काढलं, अनवाणीच निघाली. केरबा म्हणाला, "आगं, दुपारच्याला गाडी न्हाई," तर त्याच्यावरच खेकसली, "मग काय हितं बसून अंडी उबवू?" सडकेला येऊन तिनं उसाची बैलगाडी धरली, मग एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडली. कराडच्या स्टँडवर गाडी लागेना. ती बाकावर बसायची, उठायची, चौकशीच्या खिडकीशी जायची, परत यायची. तिकडचा माणूस वैतागला, "आवं मावशी, गाडी काय माज्या खिशात हाय व्हय?" मनुबाईला कुणाचं ऐकू येत नव्हतं. ती आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती. ह्या हातांनी तांबडीची मान चाचपली होती, छाती चाचपली होती. एवढा मोठा रोग आणि ह्या हातांना कळला नाही? मेल्या हातांनो, वाडीभर मिरवत होता की!

उंब्रजला ती येसूबाईच्या कुंपणाशी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आत सगळं ठीक दिसत होतं. पांढऱ्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. तांबडी त्यांच्यात ताठ मानेनं फिरत होती. मनुबाईचा आवाज ऐकल्याबरोबर ती पळत कुंपणाशी आली.

"या की विहीणबाई, भाईर का?" येसूबाई म्हणाली.

"न्हाई, मी आत येत न्हाई. शालू! ये शालू! माज्या चारी कोंबड्या धर आन मला दे."

"का गं आये?"

"मारायच्या हायत."

येसूबाईला आधी चेष्टाच वाटली. मग ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दिल्याली भेट परत न्हेत्यात व्हय? आन मारायच्या का? तुरा बघा कसा लाल हाय. ही तांबडी कालच अंडं घालून गेली. काय झालंय हिला?"

"काय झालं न्हाई. हुईल." मनुबाई म्हणाली. आता सांगणं भाग होतं, आणि शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या होत्या. "आमच्या गल्लीत मानमोडी हाय. म्या आनल्या तवाच हुती. मला ठावं हुतं."

"रोगाच्या गल्लीतनं उचलून आमच्या दारात आनल्यात?" येसूबाईचा आवाज चढला. "सवताच्या लेकीच्या दारात? वाचवायला आपल्या चार, आन बुडवायला आमच्या पंचवीस!"

मनुबाई शालूकडं बघायला धजत नव्हती. शालू एकेक कोंबडी धरून आईच्या हातात देऊ लागली.

पहिल्या तीन मनुबाईनं भराभर मुरगाळल्या. तांबडी हातात आली तशी तिच्या ओच्यात शिरून बसली, डोळे मिटायला लागली. "माफ कर गं बाई," मनुबाई म्हणाली आणि तिनं मान फिरवली. त्यानंतर ती तिथंच रस्त्यावर हमसून हमसून रडली.

"निदान कापून तरी बगा," येसूबाई म्हणाली. "आतून कसं हाय ते दिसंल. कालवण तरी हुईल."

"न्हाई. कापायच्या न्हाईत." मनुबाईनं कुदळ मागितली, ओढ्याकाठी खड्डा काढला, चुना टाकला, पुरल्या. शालूला लांबूनच सांगितलं, खुराड्यात चुना मार, पाण्याची भांडी रोज उकळत्या पाण्यानं धू, हितल्या दवाखान्यातल्या माणसाला बोलवून आण. शालू म्हणाली, "व्हय." एवढंच. आये म्हणाली नाही, की जाताना हात वर केला नाही.

त्यानंतरचे दिवस मनुबाईला खायला उठले. घरात उरलेल्या तिच्या कोंबड्या एकेक करून माना टाकत गेल्या. म्हणजे रोग तिच्या घरात होताच, हे पक्कं झालं. पण त्या चारांत होता का? ती भाकरी थापता थापता थांबायची. दारात सायकल वाजली तरी उंब्रजचा निरोप असेल म्हणून धावायची. शालूचं पत्र नाही, कुणाची चिठ्ठी नाही. आणि एक विचार तिला सुधरू देत नव्हता. तिचं खरं ठरायला लेकीच्या कोंबड्या मरायला पाहिजेत. त्या जगल्या तर ती खोटी, धडधाकट कोंबड्या मुरगाळणारी खुळी. जन्मभर तिचं निदान चुकलं की तिला झोप यायची नाही. आता ती बिरोबापुढं नाक घासत होती, देवा, एवढ्या बारीला माजं निदान चुकव.

वैशाखात कराडला नात्यात लगीन निघालं. दोन्ही घरांना जाणं भाग होतं. मांडवात शिरल्या शिरल्या मनुबाईला येसूबाई दिसली, बायकांच्या घोळक्यात मधोमध बसलेली. शालू कुठंच नव्हती. खुरपं घेऊन रानात असंल का पोरगी? वाकून, त्या तसल्या कंबरेनं?

येसूबाईनं तिला बघितलं आणि बायकांकडं वळून सुरू केलं. "ह्या बगा आमच्या विहीणबाई! कोंबड्यांच्या डाक्टर! चांगल्या चार कोंबड्या माज्या दारात मुरगाळून गेल्या. म्हणं मानमोडी हाय! कसली मानमोडी आन कसलं काय. आमची एक कोंबडी मेली न्हाई. एक बी न्हाई! अंडी इतकी पडत्यात की सुनंला लग्नाला याय सवड न्हाई. आन ह्या बाईनं भरल्या अंड्यावरची तांबडी मारली. अशी येडी बाई म्या जल्मात बघितली न्हाई!"

बायका खो खो हसल्या. मनुबाई तिच्यापुढं जाऊन खाली बसली. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं.

"आता रडून काय उपेग?" येसूबाई जरा वरमली.

मनुबाईनं तिचे दोन्ही हात गच्च धरले. "एक बी न्हाई मेली?"

"न्हाई म्हटलं की! एक बी न्हाई."

"आन शालू रानात न्हाई?"

"रानात कशाला जाती? अंडी कोण गोळा करणार?"

"परत सांगा," मनुबाई म्हणाली.

"काय परत सांगू?"

"मी येडी हाय म्हणून. सगळ्यास्नी ऐकू जाऊ द्या."

येसूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग गळा साफ केला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.