सुतकात तीर्थ नाही

डॉक्टरांनी दारू सुटायची गोळी लिहून दिली तेव्हा आमचे हे म्हणाले, "औषध घेवक मी काय दारुडो?" पिण्यापायी पाळी गावच्या खाणीवरचा टिपर ट्रक हातून काढून घेतला होता, तरीही. शेवटी त्यांनीच वाट काढली. "तुझ्या देवाचा तीर्थ म्हणून दी. घेतंय."

तेव्हापासून सकाळची पूजा झाली की पळीभर तीर्थ आणि गोळी, त्यांच्या उजव्या तळहातावर. डोळे मिटून घेत. गोळीवर घोट घेतला तर जीव नकोसा होतो, हे एकदाच कळलं आणि पुरलं. चतुर्थी गेली, दिवाळी गेली. टिपर परत मिळाला. कोरगावात माणसं त्यांना मानाने भिकाजीबाब म्हणू लागली.

मग काजूच्या दिवसांत तेरेखोलचा बाबली गेला. भाऊकीतला, पण मी त्याला कधी पाहिलासुद्धा नव्हता. सुतक आलं. देव्हारा झाकला.

मी गोळी आणि साधं पाणी पुढे केलं.

"तीर्थ खंय?"

"सुतक ना? पाण्याबरोबर घ्या."

"मगे ता औषध झाला."

थोरली जाऊ प्रभावती चुलीपाशी हसली. "देवान भावोजींक सुटी दिली गो!"

गोळी बंद केली तरी आठवडाभर अंगात राहते, हे यांनाही ठाऊक होतं. अंगणात बसून काजूच्या दारूभट्टीकडचा वारा हुंगत, आणि थांबत.

आठवडा सरत आला तशी मी न्हाले आणि देव्हाऱ्यावरचं फडकं काढलं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, हा लग्नाआधीपासूनचा नेम. हात लावला. तीर्थ घेऊन गेले.

"सुतकात देवाक न्हाणयलस? तू?" आवाजात राग नव्हता. भीती होती, की सुटका, नाही सांगता येत. "असला तीर्थ घेतला तर पाप लागतला गो."

तीर्थ तुळशीत ओतून ते भट्टीच्या वाटेला लागले.

सुतक फिटलं. गोमूत्र शिंपडलं, पूजा केली. हे तळहात पुढे करून उभे, डोळे मिटलेले. तोंडाला हुर्राकाचा, भट्टीतल्या ताज्या दारूचा वास.

"दी. सुटला एकदाचा सुतक."

पोटात दारू असताना गोळी दिलीत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी नुसतं तीर्थ घातलं. गोळी बाटलीत परत टाकली.

"गोळी फाल्यां दी हां," ते म्हणाले.

"हो, उद्या," म्हटलं.

दारात खाणीवरचा माणूस टिपरची चावी परत न्यायला आला होता.