बिजलीची घागर आणि गप्प बाजार

मी एक जुनी पितळी घागर आहे. अंगावर हिरवे डाग, पोटाला पोचा. माझी किंमत वजनावर होते. माणसांची आडनावावर होते, हे मला फार उशिरा कळलं.

मित्रांनो, माझा जन्म भंडाऱ्याचा. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. उमरेडच्या एका विणकर घरात मी लग्नाचं आंदण म्हणून गेले आणि रिवाजाप्रमाणे माझ्या गळ्यावर नवरीचं नाव कोरलं गेलं, सौ. पार्वतीबाई. तिने मला चिंचेने घासून लखलखीत ठेवलं. पुढे प्लॅस्टिकची पिंपं आली आणि मी माळ्यावर गेले. ती वारल्यावर सुनेने मला मोडीत घातलं. अशी मी इतवारीच्या भांडेबाजारात, नत्थूजींच्या मोडीच्या दुकानात येऊन पडले. तिथल्या ढिगात प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. मोडीच्या भांड्यावर जुन्या मालकिणीचं नाव असायचंच, हे इतवारीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मला घ्यायला आली बिजली. काटोलकडच्या फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, राहणारी बाई. तिच्या ताराचं लग्न तोंडावर आलं होतं आणि लेकीला पितळेची घागर द्यायचीच, असा तिचा हट्ट होता. तिने टिचकी मारून माझा आवाज ऐकला, घासाघीस केली, पैसे दिले आणि मला कमरेवर घेतलं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात समोरचे मधुकरराव ओरडले. त्यांच्या दुकानातली एक नवी कोरी घागर दिसेनाशी झाली होती. तिथेच फुकटचा चहा ढोसत बसलेले दोन हवालदार उठले. गल्लीत घागरी घेतलेल्या बायका पुष्कळ होत्या. पण या शूरवीरांची नजर थेट बिजलीवर गेली.

"नाव काय वं तुहं?"

"बिजली पवार."

"बेड्यावरची?"

"हो."

"मंग झालं. बस गाडीत."

संपला तपास! दुसऱ्याने माझा गळा वाचला आणि गड जिंकल्यासारखा ओरडला, "तू बिजली, अन् भांड्यावर पार्वतीबाई! चोरीचंच हाय हे."

नव्या घागरीच्या शोधात निघालेल्या या महाभागांना माझे डाग दिसले नाहीत, पोचा दिसला नाही. दिसली ती फक्त पारधीण.

"मोडीचं भांडं हाय साहेब," बिजली कळवळली. "आत्ताच घेतलं. नत्थूजीले विचारा नं."

नत्थूजी तराजू पुसू लागले. "मले नाही आठवत बाप्पा. गिऱ्हाईक लय येते."

त्याच तराजूत त्यांनी मला नुकतंच तोललं होतं! चोरीची मोड घेतो म्हणून आपल्यालाही धरतील, ही त्यांना धास्ती. आणि बाकीची गल्ली? आठ आण्यांसाठी आकाशपाताळ एक करणारे सगळे व्यापारी मूग गिळून उभे होते. मला त्यांची शिसारी आली. एकदा जीप निघाली की लेकीच्या लग्नाला बिजली घरी पोचेल याचा भरवसा नव्हता. बेड्यावर असं आधीही झालं होतं.

तेव्हा धंतोलीच्या एका दवाखान्यातली नर्स, मायाताई, पुढे आली. ती भांडी घ्यायला आली होती.

"साहेब, माह्यासमोर पैसे देऊन घेतली तिनं. अन् हरवली ती नवी होती नं? हे तुम्हाले नवं दिसून राहिलं काय?"

"मॅडम, तुम्ही यात पडू नका. या लोकायचं तुम्हाले माहीत नाही."

"चांगलं माहीत हाय. माह्या आजोबालेही आधी आडनावच विचारत. तिले नेता तर मलेही न्या. मी साक्ष देतो." आणि ती बिजलीचा हात धरून जीपच्या वाटेत उभी राहिली.

हवालदार चपापले. तोवर मधुकररावांच्या नोकराने ती नवी घागर त्यांच्याच टोपांच्या ढिगामागून काढली. मग काय, गल्लीला वाचा फुटली! नत्थूजींनाही आठवलं. "हो हो, मीच विकली!"

"जा, सोडलं तुले," हवालदार म्हणाला.

बिजली हलली नाही. "सोडलं ते समजलं साहेब. पकडलं काहून ते सांगा."

 दोघेही हवालदार जीपमध्ये बसून निघून गेले. बिजलीने डोळे पुसले, मला उचललं आणि काटोलच्या बसकडे निघाली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. पितळेचं काय, कधीही उजळता येतं. पण तुमच्यासमोर कुणाला नुसत्या जातीवरून धरलं, तर जीप सुरू होण्याआधी तोंड उघडा. माणूस सुटल्यावर आठवलेली साक्ष मोडीतही कुणी घेत नाही.